पेनसिल्व्हेनियात टपाली मतपत्रिकेसाठी अर्ज कसा करावा

अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यात २०१९ च्या ‘ॲक्ट ७७’ या कायद्याने प्रत्येक नोंदणीकृत मतदाराला, कोणतेही कारण न देता, घरबसल्या मत देण्याची मुभा मिळाली. या मतपत्रिकेला तेथे मेल-इन बॅलट म्हणतात. त्याआधीपासून असलेले ॲब्सेंटी बॅलट आजही चालू आहे. मात्र ते आजारपण, अपंगत्व किंवा मतदानाच्या दिवशी आपल्या गावाबाहेर असणे अशा कारणांसाठीच मिळते आणि अर्जात ते कारण लिहावे लागते. ज्याला असे कारण नाही, त्याने निःसंकोचपणे मेल-इन बॅलटच मागावे.

अर्जापूर्वी मतदार नोंदणी तपासावी. नोंदणीची मुदत निवडणुकीच्या १५ दिवस आधी संपते आणि नोंदणी केवळ अमेरिकी नागरिकांचीच होते. ग्रीन कार्डधारकांना तो अधिकार नाही. या बाबतीत ऐकीव माहितीवर विसंबून चुकीची नोंदणी करणे पुढे नागरिकत्वाच्या अर्जालाही बाधक ठरू शकते.

अर्ज राज्याच्या डिपार्टमेंट ऑफ स्टेटच्या संकेतस्थळावर, टपालाने किंवा काउंटीच्या (आपल्याकडील जिल्ह्यासारखा विभाग) निवडणूक कार्यालयात प्रत्यक्ष जाऊन करता येतो. त्यात नाव व पत्ता नोंदणीत आहेत तसेच लिहावेत आणि ओळखीसाठी पेनसिल्व्हेनियाच्या वाहन परवान्याचा किंवा राज्याच्या ओळखपत्राचा क्रमांक द्यावा. तो नसल्यास सोशल सिक्युरिटी क्रमांकाचे शेवटचे चार अंक चालतात. मतपत्रिका दुसऱ्या पत्त्यावर हवी असल्यास तो पत्ता स्वतंत्रपणे नमूद करावा. त्या कॅलेंडर वर्षातील सर्व निवडणुकांसाठी मतपत्रिका आपोआप हवी असल्यास वार्षिक यादीच्या चौकटीत खूण करावी, पण ही यादी कायमची नसते आणि दर वर्षी नव्याने अर्ज करावा लागतो, हे अनेकांच्या ध्यानात राहत नाही.

निवडणुकीच्या आधीच्या मंगळवारी संध्याकाळी ५ वाजेपर्यंत अर्ज काउंटीच्या कार्यालयात पोहोचलेला असला पाहिजे. भरलेली मतपत्रिका मतदानाच्या दिवशी रात्री ८ वाजेपर्यंत पोहोचली पाहिजे, आणि येथे टपालाचा शिक्का कोणत्या तारखेचा आहे याला काहीही महत्त्व नाही. शेवटच्या मंगळवारी अर्ज करणाऱ्याला मतपत्रिका येण्या-जाण्यासाठी जेमतेम एक आठवडा उरतो; म्हणून मुदतीची वाट न पाहता कित्येक आठवडे आधी अर्ज करावा, असे मी आग्रहाने सांगेन.

अर्ज सोपा आहे, पण मत वाया जाते ते पाकिटांच्या गोंधळात. मतपत्रिकेसोबत दोन पाकिटे येतात. भरलेली मतपत्रिका प्रथम आतल्या गोपनीयतेच्या पाकिटात घालून ते बंद करावे, त्यावर नाव किंवा खूण काहीही करू नये, आणि मग ते बाहेरच्या प्रतिज्ञेच्या पाकिटात ठेवावे. आतले पाकीट वगळल्यास मत मोजले जात नाही, असा निर्णय राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये दिला आहे. बाहेरच्या पाकिटावर सही करावी आणि सही केल्याची तारीख लिहावी; तेथे जन्मतारीख लिहिण्याची चूक टाळावी. तारखेवरून बरेच खटले झाले असले तरी ती नीट लिहिणे आपल्याच हाती आहे. मतपत्रिका शक्यतो स्वतःच टपालपेटीत टाकावी किंवा काउंटीने नेमलेल्या ठिकाणी द्यावी, कारण अपंग मतदाराने लेखी नेमलेली व्यक्ती सोडून इतर कोणालाही, अगदी पती-पत्नीलाही, ती आपल्या वतीने देता येत नाही.

मागवलेली मतपत्रिका न वापरता केंद्रावर जाऊन मत द्यायचे ठरल्यास ती आणि बाहेरचे पाकीट, दोन्ही सोबत नेऊन तेथे जमा करावे. अन्यथा केवळ तात्पुरती मतपत्रिका मिळते, जी पडताळणीनंतरच मोजली जाते. मुदत उलटल्यावर अचानक आजारपण आले किंवा बाहेरगावी जाणे भाग पडले, तर काउंटीकडे तातडीच्या ॲब्सेंटी बॅलटचा स्वतंत्र अर्ज करता येतो.

पुण्या-मुंबईत मुक्कामी असलेल्या पेनसिल्व्हेनियाच्या मराठी मतदारांनी परदेशस्थ नागरिकांसाठीचे फेडरल पोस्ट कार्ड ॲप्लिकेशन भरावे. त्याद्वारे मतपत्रिका ईमेलने मागवता येते, पण भरलेली प्रत कागदावरच परत पाठवावी लागते. ती निवडणुकीच्या आदल्या दिवसापर्यंत रवाना झालेली असावी आणि निवडणुकीनंतर सातव्या दिवशी संध्याकाळी ५ पर्यंत काउंटीत पोहोचावी.