बहात्तरचं वलय शोधत बसू नका: सागाच्या कोअरवर काम करताना या चुका टाळा

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर, लोंढा, नागरगाळी पट्ट्यातल्या सागाचे कोअर, म्हणजे पोकळ बरम्याने झाडातून काढलेल्या बारीक कांड्या, प्रयोगशाळेच्या टेबलावर आले की नवा सहायक पहिल्यांदा एकच गोष्ट करतो. सालीकडून गाभ्याकडे वलयं मोजतो आणि झाडाचं वय सांगून मोकळा होतो. झाडाचं वय सुतारही अंदाजाने सांगतो. सहायकाचं काम प्रत्येक वलयाला नेमकं साल लावणं हे आहे, आणि ते एका कोअरवर होत नाही. एका झाडाचे किमान दोन कोअर आणि आसपासची दहा-पंधरा झाडं एकमेकांशी ताडून पाहावी लागतात.

यातला सगळ्यात महागात पडणारा प्रकार म्हणजे साल आधी ठरवायचं आणि वलय मागून शोधायचं. अथणीकडच्या एका नव्या सहायकाचं उदाहरण घ्या. बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडल्याच्या गोष्टी त्याने घरी ऐकलेल्या, आणि पाऊस कमी तर वलय अरुंद हेही ठाऊक. खानापूर बाजूच्या एका कोअरवर १९७०च्या जागी ठळक अरुंद वलय दिसलं, तेव्हा त्याने ठरवून टाकलं की हेच १९७२. आता गणित जुळवायला बाहेरची दोन वलयं कमी हवीत. म्हणून त्याने दोन वलयं ‘खोटी’, म्हणजे एकाच वर्षात उमटलेली जास्तीची, ठरवून खोडली आणि त्या सालांवर भरवसा ठेवून पुढचे कोअर जुळवत सुटला. आठवड्याभराने एकही कोअर दुसऱ्याशी जुळेना. खोडलेली दोन्ही वलयं सूक्ष्मदर्शकाखाली पुन्हा पाहिली, तर दोन्हींच्या सुरुवातीला मोठ्या छिद्रांची रांग आणि मृदू ऊतींचा फिकट पट्टा स्वच्छ होता. म्हणजे वलयं अस्सल. उलट ते अरुंद वलय त्या एका झाडाच्या दोन्ही कोअरमध्ये होतं आणि शेजारच्या कुठल्याच झाडात नव्हतं. मग ते पावसाने आलेलं कसं म्हणायचं?

एका झाडाचं वलय अरुंद होण्याची कारणं जंगलात पैशाला पासरी सापडतात. टहाळ तोडली, वणवा लागला, शेजारच्या झाडाने सावली धरली. सागाची पानं खाणाऱ्या अळ्या पावसाळ्याच्या तोंडी कोवळी पालवी फस्त करतात, तेव्हा चांगल्या पावसातही वलय बारीक निघतं. आणि अथणीचा दुष्काळ म्हणजे कणकुंबीचा दुष्काळ नव्हे. एकाच जिल्ह्यात एकीकडे सह्याद्रीचा धो-धो पाऊस, दुसरीकडे ढगाकडे डोळे. १९७२ काय, १८९९ काय, प्रसिद्ध साल कोअरवर दिसलंच पाहिजे असा हट्ट धरू नका.

खोटं वलय ओळखायची खूण म्हणजे तीच छिद्रांची रांग आणि तोच फिकट पट्टा. वळीव पडून गेला आणि मग मोसमी पाऊस लांबला, किंवा भर पावसाळ्यात मोठी उघडीप पडली, की वाढ मंदावते आणि पुन्हा सुरू होते. तिथे सीमेसारखी रेघ दिसते, पण छिद्रांचा आकार हळूहळू बदलतो, फिकट पट्टा धड नसतो आणि त्याच झाडाच्या दुसऱ्या कोअरवर ती रेघ बऱ्याचदा विरून जाते. शंका आली तर पेन्सिलीने बारीक खूण करा, खोडू नका. बुंध्याजवळ साग खाचखळग्यांचा असतो. तिथे कधी दोन वलयं मिळून एक होतात, म्हणून कोअर छातीच्या उंचीवर, खाच टाळूनच काढलेला बरा.

वलयांची जुळणी तपासणारा ‘कोफेचा’ (COFECHA) नावाचा संगणक प्रोग्राम साधारणपणे ५० वर्षांचे तुकडे २५ वर्षांच्या अंतराने तपासतो आणि बाकीच्या कोअरशी सहसंबंध ०.३२८१च्या खाली गेला की झेंडा लावतो. झेंडा म्हणजे ‘लाकूड पुन्हा बघ’, ‘वलय काढ’ नव्हे. जुने सगळे तुकडे एक वर्ष अलीकडे सरकवल्यावर जुळत असतील, तर मध्ये कुठेतरी एक खोटं वलय जास्तीचं मोजलंय. एक वर्ष पलीकडे जुळत असतील, तर एक वलय सुटलंय. कुठे ते लाकूड सांगेल. सहसंबंधाचा आकडा वाढावा म्हणून खुर्चीत बसून ‘सुटलेल्या’ वलयाच्या नावाने शून्य रुंदी घुसडणाऱ्यांना सूक्ष्मदर्शकापासून चार हात लांब ठेवलेलं बरं.

आता घासकाम. कोअर लाकडी पट्टीच्या खाचेत चिकटवताना तंतू उभे हवेत. कोअर बोटांत फिरवा: चमकणाऱ्या दोन बाजू डाव्या-उजव्या आल्या आणि वरच्या मळकट बाजूला सुईने टोचल्यासारखी छिद्रं दिसली, की बरोबर. आडवा चिकटवलेला कोअर कितीही घासला तरी सीमा दिसत नाही. पाण्यात विरघळणारा गोंद वापरा, म्हणजे चूक सुधारता येते. कोअर पिळवटला असेल तर किटलीच्या वाफेवर धरून हळूहळू सरळ करा. जोर लावला की तुकडे.

पॉलिश पेपर १२०, २२०, ३२०, ४००, ६०० याच क्रमाने. १२०वरून थेट ४००वर उडी मारणाऱ्याला वाटतं वेळ वाचला. पण जाड कागदाचे ओरखडे बारीक कागदाने जात नाहीत आणि अरुंद वलयांच्या जागी तेच सीमा म्हणून मोजले जातात. सागाच्या तेलाने कागद लवकर बुजतो. बुजलेला कागद घासत नाही, नुसता तापवतो. फेकून द्या, कंजूषपणा नको. छिद्रांतला भुसा ब्लोअरने उडवा. मग पांढरा खडू हलकेच चोळला तर छिद्रं उठून दिसतात. तोंडाला मास्क हवाच, सागाच्या भुश्शाने दमा आणि खाज दोन्ही होतात.

बेळगावच्या पावसाळ्यात प्लॅस्टिकच्या नळीत ओला कोअर बंद करून ठेवला की बुरशी ठरलेली. कागदी नळी वापरा, सावलीत वाळवा. उन्हात टाकू नका, तडकतो.

नळीवर झाडाचा क्रमांक, कोअरचं अक्षर आणि तारीख पेन्सिलीनेच लिहा. तारीख विसरलात तर शेवटच्या वलयाचं साल गेलं: मार्चमध्ये काढलेल्या कोअरवर मागच्या पावसाळ्याचं पुरं वलय असतं, ऑगस्टमधल्यावर चालू वर्षाचं अर्धवट. अर्धवट वलय मोजायचं नाही.

वलयांची रुंदी मोजायच्या, स्क्रूने सरकणाऱ्या स्टेजवर सीमा ओलांडून पुढे गेलात तर तेवढंच मागे येऊ नका, स्क्रूची ढील आकड्यात उतरते. बरंच मागे जा आणि पुन्हा पुढे येत सीमेवर थांबा.