शिलाई मशीन दुरुस्तीला नेण्याआधी
टाके सुटायला लागले म्हणून लगेच मशीन रिक्षात घालून ठाणे स्टेशनकडे धावू नका. आधी नवी सुई लावून बघा, काही रुपयांचंच काम. जरा वाकलेली सुईसुद्धा टाके सोडते. मग सुईखालची पट्टी काढा आणि कापड पुढे सरकवणाऱ्या दातांत, खालच्या दोऱ्याची बॉबिन बसते त्या शटलमध्ये अडकलेला धाग्या-धुळीचा बोळा जुन्या टूथब्रशने साफ करा. माझ्या मशीनमधून सुपारीएवढा निघाला होता! तेल मशीनचंच, थेंब थेंब. खोबरेल नकोच, ते चिकटून मशीन जड होतं. तरीही अडलं तर मेकॅनिकला खर्च आधी विचारा, बदललेला जुना भाग मागून घ्या. आईचं काळं, बिडाचं मशीन असेल तर मात्र हात आखडू नका. त्याचे सुटे भाग अजून सहज मिळतात.