घर विकायचंय? मग आधी ते रस्त्यावर उभं राहून बघा

घर विकायला काढलं की बहुतेक जण आधी किचन नि बाथरूमच्या मागे लागतात. पण बघायला येणारा माणूस आधी गेटपाशी उभा राहतो, तुम्ही कुलूप उघडेपर्यंत त्याला दुसरं कामच नसतं, तो फक्त घर न्याहाळत असतो. तेवढ्यात भिंतीवर काळं शेवाळ दिसलं की मग आत कितीही चकाचक असू दे, तो प्रत्येक खोलीत ओलच शोधत फिरतो.

तर पहिलं काम, रस्त्याच्या पलीकडे जाऊन मोबाइलवर चार-पाच फोटो काढा. रोज बघून डोळ्यांना सवय झालेली असते, फोटोत मात्र लोंबणारी केबल, फुटकी कुंडी, वाकडी नेमप्लेट सगळं दिसतं. मग यादी करा, पण दोन भागांत: काय बिघडलंय आणि काय नुसतं मळलंय. मळलेलं जास्त निघतं बघा, आणि ते स्वस्तात सुटतं.

आता बिघडलेल्यातलं पहिलं म्हणजे पाणी. रंगाच्या डब्याला अजून हात लावायचा नाही! मी हीच चूक केली होती, ओल असलेल्या भिंतीवर घाईत दोन हात मारले आणि महिन्याभरात पापडासारखे पोपडे, परत खरवडा, परत रंगवा. गच्चीचा पाइप जॉइंटला गळतोय का, पन्हळीत पाला अडकलाय का, पावसाचं पाणी भिंतीच्या पायाशी साचतंय का हे आधी बघा आणि तेवढं दुरुस्त करा. भिंतीवर पांढरी मिठासारखी भुकटी येत असेल तर ते आतले क्षार असतात, पाणी त्यांना बाहेर आणतं आणि स्वतः उडून जातं. ती कोरड्या ब्रशने झाडा, पाणी मारलं तर क्षार विरघळून परत आत मुरतात. शंका असेल तर प्लॅस्टिकचा तुकडा भिंतीला चारही बाजूंनी टेपने चिकटवून एक दिवस ठेवा, आतल्या बाजूला थेंब दिसले तर भिंत अजून ओली आहे, थांबा.

मग धुणं. प्रेशर वॉशर (जोरात पाण्याची धार मारणारं मशीन) आणला तर २५ किंवा ४० डिग्रीचं नोझल लावा, इथे डिग्री म्हणजे धार किती पसरते तो कोन, शून्य डिग्रीची धार रंगच काय प्लास्टरही उडवते, आणि खिडकीच्या फटीत किंवा लाइटच्या बोर्डावर धार मारू नका. साबण खालून वर लावायचा म्हणजे ओघळाचे डाग पडत नाहीत, धुताना मात्र वरून खाली. शेवाळाला एक भाग ब्लीच नि दहा भाग पाणी, दहा-पंधरा मिनिटं ठेवून ब्रशने घासा, त्याआधी आजूबाजूची झाडं साध्या पाण्याने भिजवून घ्या. हातात ग्लोव्हज हवेतच. आणि ब्लीचमध्ये ॲसिड चुकूनही मिसळू नका, क्लोरीन वायू तयार होतो, तो जीवघेणा आहे.

एवढं झाल्यावर खूपदा कळतं की सगळ्या घराला रंगाची गरजच नव्हती.

लागलाच तर आधी भेगा. केसाएवढ्या असतील तर क्रॅक फिलर पुरतो, जरा मोठ्या असतील तर स्क्रेपरने व्ही आकारात उघडा, धूळ काढा, भरा, वाळल्यावर पॉलिश पेपर मारा. पण खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी जाणारी, वाढत चाललेली भेग बुजवून लपवू नका, इंजिनिअरला दाखवा, घेणारा विचारणारच आहे. रंग फिका, साधा घ्या, तुमची आवड आता बाजूला ठेवा. साधारण १ लिटरमध्ये १० चौरस मीटरचा एक हात होतो, खडबडीत भिंतीला जास्त लागतो. भर उन्हात मारू नका, फार पटकन वाळतो नि ब्रशच्या रेघा राहतात.

पैसे कमी असतील तर मी म्हणेन सगळे दारावर आणि गेटवर घाला. तारेच्या ब्रशने गंज काढा, त्याच दिवशी प्रायमर लावा कारण उघडं लोखंड लगेच परत गंजतं, मग ऑइलपेंटचे दोन हात. बिजागरीत तेल, बेल वाजतेय ना बघा, घराचा नंबर लांबून वाचता यावा.

झाडं खिडकीच्या खालच्या कडेपर्यंत छाटा, भिंतीला घासणाऱ्या फांद्या काढा. नवी रोपं लावायची तर दोन-तीन आठवडे आधी, आदल्या दिवशी लावलेलं रोप मान टाकून उभं असतं आणि ते लगेच कळतं. बाहेरचे बल्ब सगळे एकाच रंगाचे, २७०० ते ३००० केल्विनचे पिवळसर चांगले दिसतात.

जाहिरातीचे फोटो घराच्या पुढच्या बाजूवर उजेड असताना काढा, म्हणजे पूर्वेला तोंड असेल तर सकाळी, पश्चिमेला असेल तर दुपारनंतर. गाडी, कचऱ्याचा डबा, वाळत घातलेले कपडे आधी हलवा.

आणि माणसं बघायला येणार त्या दिवशी पायऱ्या धुवायच्या असतील तर तासभर आधीच धुवून वाळू द्या, ओल्या फरशीवर घसरलेलं गिऱ्हाईक भाव वाढवून देत नाही.