अडचणीच्या जागेवर दुकानगाळे बांधताय? गोव्यात या चुका टाळा

‘मागे डोंगर, पुढे शेत, पण प्लॉट रस्त्याला लागून आहे. तेवढी सवलत मिळवून द्या की!’ असं म्हणत येणारं गिऱ्हाईक महिन्यातून एखादं तरी असतंच. डिचोलीत नकाशे काढणं आणि फायलींमागे फिरणं हे माझं काम. फाईल अडली की लोक अधिकाऱ्याला बोल लावतात. उघडून पाहिली तर बहुतेक वेळा मागणीच चुकीची असते.

जागा सेटलमेंट (वस्तीच्या) किंवा कमर्शियल झोनमध्ये आहे, पण तिच्या त्रिकोणी आकारामुळे सेटबॅक, म्हणजे हद्दीपासून मोकळी सोडायची जागा, बसत नाही, तर मागायची ती शिथिलता, म्हणजे नियमातून सूट. तीच जागा प्रादेशिक आराखडा २०२१ मध्ये ऑर्चर्ड (बागायत) दाखवली असेल, तर तो झोन बदल. त्याची वाट वेगळी आणि सध्या बरीच खडकाळ. नगरनियोजन कायद्याच्या कलम १७(२) खाली ‘चूक दुरुस्ती’ म्हणून झोन बदलून देण्यासाठी २०२३ मध्ये नियम आले. मार्च २०२५ मध्ये उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने ते रद्द केले. २०२४ मध्ये आलेल्या, झोन बदलाच्याच ३९अ कलमालाही न्यायालयात आव्हान दिलं गेलंय. त्यामुळे ‘शेजाऱ्याला मिळालं, मग मलाही मिळेल’ या हिशेबावर विसार देऊ नका.

उताराच्या बाबतीत तर लोक स्वतःलाच फसवतात. आराखड्यात २५ टक्क्यांहून जास्त उताराची जमीन बांधकामाला बंद आहे. म्हणजे दहा मीटर चालत गेलात आणि अडीच मीटरपेक्षा जास्त चढलात, की संपलं. एकाने माझ्याकडे आणलेल्या कंटूर प्लॅनवर, म्हणजे जमिनीची उंची दाखवणाऱ्या नकाशावर, रेषा पाच-पाच मीटर उंचीच्या फरकाने होत्या. कागदावर जागा छान सपाटसर. प्रत्यक्षात काजूच्या झाडाला धरल्याशिवाय वर जाता येईना! पाहणीला आलेल्या माणसाने टेपसुद्धा काढली नाही, नुसता हसला. एक मीटरच्या रेषांचा कंटूर काढून घ्या आणि उतार जिथे कमी आहे तेवढाच तुकडा रंगवून दाखवा. इमारत तिथेच बसवा, बाकीचा भाग मोकळा सोडा. अशा नकाशावर निदान बोलणं तरी होतं.

याहून मोठा घोळ म्हणजे आधी जेसीबी आणि मग अर्ज. डोंगर कापायचा किंवा सखल जमिनीत भर टाकायची, तर कलम १७अ खाली आधी लेखी परवानगी लागते. रातोरात लाल माती टाकून शेत ‘प्लॉट’ केलं, की तुमची अडचण नैसर्गिक राहत नाही, तुम्हीच केलेली ठरते. मग शिथिलता कशाच्या जोरावर मागणार? झाडं तोडायलाही १९८४ च्या वृक्ष कायद्याखाली वेगळी परवानगी घ्यावी लागते.

एक-चौदाचा उतारा, म्हणजे जमिनीची सरकारी नोंद, नीट वाचा, विशेषतः कुळाचा रकाना. कूळ कायद्याने कुळाच्या मालकीची झालेली जमीन शेतीशिवाय दुसऱ्या कामाला वापरायला १९९१ च्या कायद्याने बंदी आहे. तिथे सेटबॅकची चर्चाच फुकट. भाटकार (जमीनमालक) गोड बोलतो, उतारा गोड बोलत नाही. आराखड्यात सेटलमेंट दिसली म्हणजे बांधायला मोकळे, हाही गैरसमजच; जिल्हाधिकाऱ्यांची बिगरशेती वापराची सनद लागतेच. नदीकाठ असेल तर सीआरझेडची (किनारी नियमन क्षेत्राची) रेषा आधी पाहा. ती पंचायत किंवा नगरनियोजन खातं सरकवू शकत नाही.

आता अर्जाची भाषा. ‘एवढी जागा सोडली तर धंदा परवडत नाही’ हे वाक्य मी दर वेळी खोडतो. परवडत नाही ही तुमच्या खिशाची अडचण, जमिनीची नव्हे. त्याऐवजी लिहा: पूर्वेच्या कोपऱ्यात रुंदी सात मीटर, मधून पावसाळी व्हाळ (ओहोळ) जातो, नियमाचा सेटबॅक सोडला तर भिंतींमध्ये अमुक इतकं अंतर उरतं, म्हणून एकाच बाजूला इतक्या मीटरची सूट हवी. सोबत सेटबॅक पूर्ण सोडून काढलेला नकाशाही जोडा, म्हणजे नियमात काय बसत नाही ते समोरच्याला दिसतं. पार्किंगमध्ये मात्र सूट मागू नका, हे माझं मत. रस्त्यावर गाड्या लागल्या की ग्रामसभेत पहिला आवाज त्यावरच उठतो.

पाहणीच्या दिवशी प्लॉटच्या खुणेचे दगड आधी साफ करून ठेवा. गवतात दगड सापडला नाही म्हणून साहेब गाडीत बसून परत गेलेले मी दोनदा पाहिलेत.