गणिताची स्लाइड शेवटच्या बाकावरून वाचता यावी म्हणून

इतिहासाच्या स्लाइडवर एखादी मात्रा पुसट आली तरी मुलं वाक्य जुळवून घेतात. गणितात ती सोय नाही. दशांशचिन्ह दिसलं नाही की २.५ चे २५ होतात. वर्गमुळाची आडवी रेघ अर्धवट दिसली, तर ती कुठल्या पदापर्यंत आहे हे कळत नाही. म्हणून स्लाइड करताना त्यातलं सगळ्यात बारीक चिन्ह आधी शोधा आणि बाकीचं त्यावर ठरवा.

आकाराचा हिशेब करता येतो. पॉवरपॉइंटची नेहमीची स्लाइड ७.५ इंच, म्हणजे ५४० पॉइंट उंच असते. प्रोजेक्टरनं भिंतीवर पडलेलं चित्र १२० सेंमी उंच असेल, तर २८ पॉइंटच्या अक्षराला सुमारे ६ सेंमी जागा मिळते. त्यातला अंक साधारण ४ सेंमी, त्यावरचा घातांक जेमतेम ३ सेंमी. सात मीटरवरच्या बाकावर हे चालतं. १८ पॉइंट घेतलात तर घातांक २ सेंमीच्याही खाली जातो, आणि चष्मा लागूनही तो न मिळालेली मुलं बहुतेक वर्गांत असतात. समीकरणाला ३२ आणि मजकुराला २८ यापेक्षा खाली उतरू नका. मावत नसेल तर दुसरी स्लाइड घ्या.

पडताळणी घरीच होते. लॅपटॉपचा पडदा १९ सेंमी उंच असेल, तर स्लाइड पूर्ण पडद्यावर लावून ११० सेंमी मागे उभे राहा. सात मीटरवरून भिंतीवर जेवढं दिसेल तेवढंच इथे दिसतं. दहावीच्या समरूपतेच्या धड्यातलंच हे गुणोत्तर आहे, मुलांकडूनही काढून घ्या.

समीकरणं पुस्तकाचा फोटो कापून चिकटवू नका, मोठी केली की कडा फुटतात. पॉवरपॉइंटमध्ये आल्ट (Alt) धरून बरोबरचं चिन्ह (=) दाबलं की समीकरणाची चौकट उघडते. मजकुराच्या ओळीत घुसवलेले अपूर्णांक बारीक होतात, त्यांना स्वतंत्र ओळ द्या.

भूमितीत मोठा घोळ होतो तो आकार बिघडल्यानं. जुने प्रोजेक्टर बरेचदा १०२४ × ७६८ ठिपक्यांच्या रिझोल्यूशनचे, म्हणजे ४:३ प्रमाणाचे, आणि लॅपटॉप १६:९ चा. चित्र ताणून बसवलं गेलं की वर्तुळ लंबगोल होतं, ४५ अंशांचा कोन ४५ चा राहत नाही. पहिली स्लाइड म्हणून एक चौरस आणि त्यात बसणारं वर्तुळ ठेवा. भिंतीवर टेपनं चौरसाच्या बाजू आणि दोन्ही कर्ण मोजा. समोरासमोरच्या बाजू सारख्या, पण आडवी आणि उभी बाजू असमान असेल तर लॅपटॉपचं रिझोल्यूशन प्रोजेक्टरच्या मूळ रिझोल्यूशनवर आणा. समोरासमोरच्या बाजू किंवा कर्ण असमान असतील तर प्रोजेक्टर तिरका आहे. त्यासाठी कीस्टोन, म्हणजे तिरकं चित्र सरळ करायची प्रोजेक्टरमधली सोय, हा शेवटचा उपाय, कारण त्यात चित्र पुन्हा आखलं जातं आणि बारीक रेघा दातेरी होतात. आधी प्रोजेक्टरच सरळ आणि योग्य उंचीवर ठेवा.

आकृत्या आणि आलेख काढायच्या जिओजेब्रा या सॉफ्टवेअरमध्ये रेषेची जाडी ८-९ आणि अक्षराचा आकार २८ करा. आलेखाची फिकट राखाडी जाळी उजेडाच्या वर्गात नाहीशी होते, ती गडद करा. पांढऱ्यावर पिवळा किंवा पोपटी रंग वापरूच नका. दोन आलेख लाल-हिरव्यानं वेगळे करण्याऐवजी एक अखंड, एक तुटक काढा, म्हणजे लाल-हिरवा फरक न कळणाऱ्या मुलांचीही अडचण होत नाही. काळी पार्श्वभूमी उजेडाच्या खोलीत फसते. प्रोजेक्टर काळा रंग टाकूच शकत नाही, तिथे फक्त भिंतीचा रंग दिसतो.

स्लाइडचा खालचा सहावा भाग मोकळा सोडा, तिथे पुढच्या मुलांची डोकी येतात. शाळेच्या संगणकावर तुमचा मराठी फॉन्ट नसेल तर ओळी सरकतात, म्हणून पीडीएफही सोबत न्या. पीडीएफमध्ये ॲनिमेशन चालत नाही, तेव्हा उदाहरणाची प्रत्येक पायरी वेगळ्या पानावर घ्या. पांढरं पान पिवळं दिसलं तर लॅपटॉप प्रोजेक्टरला जोडणारी व्हीजीए केबल काढून नीट बसवा, निळा रंग पोचवणारी पिन बहुधा सैल असते. ट्यूबलाइट फक्त पडद्याजवळची बंद करा. मागची चालू असली तरच मुलांना वहीत लिहिता येतं.