चर्चच्या जुन्या पोर्तुगीज वह्यांतील समासाच्या टिपा कशा वाचाव्यात

कोल्हापूर, आजरा, गडहिंग्लज भागात गोव्याकडून येऊन स्थायिक झालेल्या ख्रिस्ती घराण्यांचा माग शेवटी गोव्यातल्या चर्चच्या बाप्तिस्मा, लग्न आणि मृत्यूच्या वह्यांपर्यंत जातो. त्यांतली मुख्य नोंद ठराविक साच्याची असते, चार पानांच्या सरावाने कळू लागते. पण बाजूच्या समासात वेगळ्या शाईत कोंबलेल्या दोन-तीन ओळी बहुतेक जण सोडून देतात. घराण्याचा पुढचा धागा पुष्कळदा तिथेच असतो.

निघण्याआधी गाव नक्की करा. वह्या गावच्या चर्चप्रमाणे असतात. नुसते आडनाव घेऊन गेलात तर हात हलवत परत याल. घरातले लग्नाचे दाखले, कबरीवरचे दगड, जुनी पत्रे तपासा. काही वह्या अजून चर्चमध्ये आहेत, काही पणजीच्या पुराभिलेख खात्यात. हवी ती वही कुठे आहे हे फोनवर विचारून मगच घाट उतरा.

फोटो काढताना पानाखाली काळा जाड कागद सरकवा. जुनी लोखंडी शाई कागद खात जाते आणि मागच्या पानावरची अक्षरे पुढे उमटतात. काळ्या कागदाने ती दबतात. फ्लॅश नको, खिडकीचा तिरपा उजेड पुरतो. आधी पूर्ण पान घ्या, मग समास जवळून. शिवणीकडे गेलेली अक्षरे दिसावीत म्हणून पान दाबून सपाट करू नका, कागद कडकन तुटतो.

वाचन अलीकडून मागे न्या. १८९० च्या आसपासचे हस्ताक्षर सुटे आणि सुवाच्य असते, तिथे साचा पाठ होतो. बाप्तिस्म्याच्या नोंदीत आधी अक्षरी तारीख, मग ‘बाप्तिझेय’ (बाप्तिस्मा दिला), मुलाचे नाव, ‘फिल्यु लेजितिमु’ (औरस पुत्र), आईबाप, ‘नेतु’ (नातू) लिहून आजी-आजोबा, शेवटी ‘पाद्रिन्युश’ म्हणजे धर्ममातापिता. हे शब्द बहुतेक नोंदींत येतात, म्हणून त्यांच्यावरूनच त्या पाद्रीच्या अक्षरांचा तक्ता करा: त्याचा एफ कसा, एल-एच कसा, शेवटचा ओ कसा. खाली सही बदलली की नवा तक्ता. मोडी वाचणाऱ्या कोल्हापूरकरांना हे नवे नाही. तिथेही लेखक बदलला की वळण बदलते.

आता नेहमी फसवणाऱ्या जागा. शब्दाच्या मधला लांब एस एफसारखा दिसतो. साठ म्हणजे ‘सेसेंता’ आणि सत्तर म्हणजे ‘सेतेंता’. घाईच्या अक्षरात दोन्ही सारखेच, म्हणून टीची आडवी रेघ शोधा. ती सापडली नाही तर शेजारच्या नोंदींची वर्षे पाहा, वही सहसा तारखेच्या क्रमाने चालते. महिन्यात ७ काढून वर ‘ब्रो’ लिहिले असेल तर तो सप्टेंबर, जुलै नव्हे. तसेच ८ म्हणजे ऑक्टोबर, ९ नोव्हेंबर, १० किंवा रोमन एक्स म्हणजे डिसेंबर. मोजणी जुन्या रोमन वर्षाची आहे, जे मार्चपासून सुरू होई. ही एक चूक झाली की जन्म दोन महिने मागे सरकतो आणि लग्न-मृत्यूचा मेळ बसत नाही.

नावे तोडून लिहिलेली असतात, शेवटची अक्षरे बारीक करून वर. एमवर ई-एल म्हणजे मानुएल, ए-एन-टीवर ओ म्हणजे आंतोनियु. आर-ओ-आय-झेड हे वेगळे आडनाव नाही, तो रॉड्रिग्ज. एफ-आर-झेड म्हणजे फर्नांडिस. उतरवताना आधी दिसते तसे लिहा, पूर्ण रूप पुढे कंसात. अंदाज मूळ ओळीत मिसळला तर नंतर वेगळा काढता येत नाही.

गावांच्या नावांत शेवटचा ‘ईं’ बहुधा आपला ‘ई’ असतो: कुंकोलीं म्हणजे कुंकळ्ळी, बेनावलीं म्हणजे बाणावली. ‘आंव’ म्हणजे गाव: मार्गांव मडगाव, सालिगांव साळगाव. एक्सचा उच्चार पुष्कळदा श. मुंबईला ‘बोंबाईं’ लिहीत. कोल्हापूरचे नाव पाद्री कानाला आले तसे लिहिणार, म्हणून सी आणि के दोन्हींखाली शोधा, मधला एच गळालाही असेल.

समासात वर मुलाचे नाव असते. त्याखाली ‘काझोव’ (लग्न झाले) किंवा ‘फालेसेव’ (निधन झाले) दिसले की थांबा. १९०८ पासून रोमच्या आदेशाने लग्नाची खबर बाप्तिस्म्याच्या चर्चला कळवून तिथल्या वहीत नोंदवावी लागे. त्यामुळे कोल्हापुरात चर्चमध्ये लग्न झालेल्या माणसाची टीप त्याच्या गोव्यातल्या जन्मगावच्या वहीत सापडू शकते, जोडीदाराच्या नावासह.

लग्नाच्या नोंदीत ‘दिश्पेन्सादुश’ हा शब्द आणि सोबत आकडा दिसला तर तो सोन्याचा तुकडा समजा. वधूवर नात्यातले होते आणि चर्चने सूट दिली, असा त्याचा अर्थ. ‘कोन्सांगिनिदादी’ (रक्ताचे नाते) यापुढचा २ म्हणजे दोघांचे आजी-आजोबा एकच, ३ म्हणजे पणजी-पणजोबा एकच, ४ म्हणजे त्याच्याही वरची पिढी. ‘३ व ४’ असेल तर एका बाजूने तीन पिढ्या, दुसऱ्या बाजूने चार. ही चर्चची जुनी मोजणी आहे. दिवाणी कायद्यात दोन्ही बाजूंच्या पिढ्यांची बेरीज करतात. ती इथे लावू नका. आधीची वही वाळवीने खाल्ली असली तरी या आकड्यावरून दोन घराण्यांचा समान पूर्वज किती पिढ्या वर आहे ते ठरते. ‘आफिनिदादी’ लिहिले असेल तर नाते रक्ताचे नसून सहसा आधीच्या विवाहातून आलेले असते. तेव्हा पहिल्या जोडीदाराच्या मृत्यूची नोंद शोधा.

‘पाय इंकॉग्नितु’ (बाप अज्ञात) किंवा ‘इश्पोश्तु’ (टाकून दिलेले मूल) वाचण्यात आले तर ते जसेच्या तसे उतरवा. घरच्यांना दाखवण्याआधी मात्र विचार करा.

समासातली लग्नाची तारीख आणि लग्नाच्या वहीतली तारीख जुळली नाही, तर लग्नाची वही धरा. तिथली नोंद विधीच्या जागी झाली. समासातली टीप पत्रावरून नंतर उतरवलेली असते आणि कधी त्यावर पत्राची तारीखच पडते.