एफएमईच्या लॉगमध्ये पायथनने स्वतःचे संदेश लिहिताना

एफएमई हे नकाशांचा आणि इतर डेटा एका रूपातून दुसऱ्या रूपात नेणारं सॉफ्टवेअर. त्यातल्या कामाची आखणी म्हणजे वर्कस्पेस, आणि ती चालताना होणाऱ्या नोंदींची फाइल म्हणजे लॉग. वर्कस्पेस डोळ्यांसमोर चालते तोवर लॉगकडे कुणी फारसं पाहत नाही. तीच वर्कस्पेस एफएमई फ्लो या सर्व्हरवर रात्रीच्या वेळापत्रकात लावली, की सकाळी अडचण शोधणाऱ्या सहकाऱ्याच्या हाती फक्त लॉग उरतो. संदेश त्याच्यासाठी लिहा: काय बिघडलं, कुठल्या नोंदीत, आणि आता काय तपासायचं.

लॉगर या तयार ट्रान्सफॉर्मरने (वर्कस्पेसमधल्या एका पायरीने) भागत असेल तर स्क्रिप्टच्या वाटेला जाऊ नका. पण तो अख्खं फीचर, म्हणजे डेटातली एक नोंद, गुणधर्मांसकट लॉगमध्ये ओततो. ठरावीक अटीवर नेमकं एक वाक्य हवं असेल, तर तुमचा पायथन कोड चालवणारा पायथनकॉलर ट्रान्सफॉर्मर घ्या. त्यात एफएमईऑब्जेक्ट्स मॉड्यूल इम्पोर्ट करा, क्लासच्या इनिटमध्ये एफएमईलॉगफाइलचा ऑब्जेक्ट एकदाच बनवा आणि प्रत्येक फीचरसाठी चालणाऱ्या इनपुटमध्ये त्याची लॉगमेसेजस्ट्रिंग ही मेथड बोलवा. तिला दोन गोष्टी द्यायच्या: मजकूर आणि सिव्हेरिटी, म्हणजे संदेशाची गंभीरता. माहितीसाठी 0, इशाऱ्यासाठी 1, चुकीसाठी 2, घातक चुकीसाठी 3. कोडमध्ये आकडे न लिहिता मॉड्यूलमधली नावं वापरा, वाचणाऱ्याला अर्थ लगेच कळतो. प्रिंटवर विसंबू नका. त्या मजकुराला ना वेळ असते, ना सिव्हेरिटी.

नवखे हमखास अडकतात ते इथे: सिव्हेरिटी 3 लिहिली म्हणून ट्रान्सलेशन, म्हणजे वर्कस्पेसचं चालू काम, थांबत नाही. लॉगमध्ये फक्त ओळ उमटते आणि काम पुढे चालू राहतं. खरंच थांबवायचं असेल तर एक्सेप्शन फेका किंवा ती फीचर्स काम थांबवणाऱ्या टर्मिनेटर ट्रान्सफॉर्मरकडे वळवा.

महाराष्ट्रातलं एक उदाहरण घेऊ. राज्य यूटीएम या निर्देशांक प्रणालीच्या दोन झोनमध्ये विभागलं आहे. 78 अंश पूर्व रेखांशाच्या पश्चिमेला 43, पूर्वेला 44. पुण्याचा डेटा 43 मध्ये येतो, नागपूरचा 44 मध्ये. जिल्ह्याजिल्ह्यांचे गटनकाशे एकत्र करताना चुकीच्या झोनची फाइल घुसली, तर प्रत्येक फीचरची निर्देशांक प्रणाली तपासून इशारा देता येतो. ‘चुकीची प्रणाली’ एवढंच लिहिलं तर उपयोग शून्य. ‘[झोन-तपासणी] गट 214: झोन 44 अपेक्षित, 43 मिळाला, मूळ फाइल पाहा’ असं लिहा. सुरुवातीच्या कंसातल्या खुणेमुळे एफएमईच्या स्वतःच्या शेकडो ओळींतून तुमच्या ओळी शोधून काढता येतात.

या तपासणीत दोन खड्डे आहेत. एकच प्रणाली कधी ईपीएसजी या निर्देशांक प्रणालींच्या यादीतल्या 32643 या क्रमांकाने येते, तर कधी एफएमईच्या स्वतःच्या नावाने; नुसती अक्षरं जुळवलीत तर खोट्या इशाऱ्यांचा पाऊस पडेल. दुसरं, गट क्रमांकाचा गुणधर्मच फीचरवर नसेल तर पायथनला ‘नन’ (काहीच नाही) मिळतं. ते अधिक चिन्हाने मजकुराला जोडायला गेलात की टाइपएरर येतो, म्हणजे इशारा देणारी स्क्रिप्टच काम पाडते. किंमत मजकुरातच बसवणारी एफ-स्ट्रिंग वापरा.

संदेशांची संख्या आवरणं सर्वांत महत्त्वाचं. पाच लाख फीचर्स आणि प्रत्येकी एक ओळ, म्हणजे लॉग फुगतो, वेग पडतो आणि खरा इशारा गाडला जातो. शेवटी एफएमई एकूण इशाऱ्यांचा आकडा देतं, तोही निरर्थक होतो. त्यापेक्षा इनिटमध्ये मोजणी शून्यावर ठेवा, पहिल्या 10 अडचणी सविस्तर लिहा, पुढच्या फक्त मोजा आणि शेवटी चालणाऱ्या क्लोजमध्ये एका ओळीत एकूण सांगा. प्रगती दाखवायची असेल तर दर 10,000 फीचर्समागे एक ओळ पुरते.

लॉगच्या ओळीत उभ्या रेषांनी रकाने पडतात: तारीख-वेळ, एकूण प्रोसेसर वेळ, मागच्या ओळीपासूनचा फरक, सिव्हेरिटी, मजकूर. फरकाचा रकाना डेटाबेसची वाट पाहण्यात गेलेला वेळ मोजत नाही, कारण तेव्हा प्रोसेसर रिकामा असतो. तो वेळ पहिल्या रकान्यातल्या घड्याळावरूनच शोधावा लागतो.

पॅरामीटर्सच्या किमती लॉगमध्ये लिहिताना सगळी डिक्शनरी ओतू नका, त्यात डेटाबेसचा पासवर्ड असू शकतो. आणि काम संपल्यावरची शटडाउन स्क्रिप्ट चालते तोवर एफएमईने लॉग फाइल सोडून दिलेली असते. ती ईमेलने पाठवायची, हलवायची किंवा तिच्यातले इशारे वेचायचे असतील, तर जागा तीच.